कडेचा उजेड

“हिची आई हट्टाला पेटलीय, मुलीचा चेहरा तरी बघू द्या म्हणते,” नवरा म्हणाला आणि त्याने स्टुडिओच्या दाराला आतून कडी घातली. फोटोग्राफर बाईंनी बायकोला काहीही विचारलं की उत्तर तोच द्यायचा. पावडरच्या थराखालची गालावरची सूज बाईंच्या नजरेतून सुटली नाही. त्यांनी सवयीने तिला खिडकीकडे तोंड करून बसवलं. समोरच्या उजेडात चेहरा गुळगुळीत दिसतो. फोटो पाहून नवरा खुलला. “झकास! हाच पाठवा सासूबाईंना, नंबर देतो.” तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो पाठ फिरवून बोलू लागला. “ताई, उजेड कडेने आला तर?” बायको कुजबुजली. “मग काहीच लपत नाही गं.” तिने उठून खुर्ची आवाज न करता आडवी फिरवली आणि ती ताठ बसली. “आईला हा पाठवा.” कॅमेऱ्याचा खटका दाबताना बाई मोठ्याने खोकल्या.