रंगीत तालीम

कंपनीच्या नव्या आराखड्यात तिच्या विभागातली निम्मी माणसं नव्हती, आणि एकेकाला खोलीत बोलावून तसं सांगायचं काम उद्या सकाळपासून तिच्या गळ्यात पडलं होतं. संध्याकाळभर ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. शेवटी चहाचे कप बाजूला सारून तिने नवऱ्याला समोर बसवलं.

"तू कर्मचारी हो. चुकले तर सांग."

घसा खाकरून तिने सुरुवात केली, "कंपनीची पुनर्रचना होतेय. नव्या रचनेत तुमची जागा... राहिलेली नाही."

एरवी त्याने थट्टा केल्याशिवाय सोडलं नसतं. आज मात्र तो मान खाली घालून कपाच्या कानाशी चाळा करत राहिला. मग हळूच म्हणाला, "मॅडम, घरी काय सांगू?"

"अरे, किती हुबेहूब करतोस! माझं काही चुकलं का?"

"छे, छान बोललीस. फक्त समोर पाण्याचा ग्लास भरून ठेव."

"ग्लास? तो कशाला?"



"घसा कोरडा पडतो गं. परवा मला सांगणाऱ्या मॅडम ठेवायला विसरल्या होत्या."