ओले टाके

उज्वलाने मोबाइलचा उजेड आईच्या पोटावर धरला. उजव्या बरगडीखाली वीतभर रेघ होती. तांबूस, जवळजवळ मिटलेली. उज्वला वाकून बघत राहिली.

"अजून ओलेच हायेत टाके," लंकाबाई घाईने म्हणाली. "आतून ठणकतात."

"मग राहू दे," उज्वला म्हणाली. पातळ सारखं करून ती कणीक मळायला गेली.

लंकाबाईने डोळे मिटले. हे एकच खोटं ती पाच आठवडे रोज संध्याकाळी बोलत होती. पित्ताचे खडे काढले, घरी सोडायचा दिवस आला, उज्वला खाली औषधं आणायला गेली, आणि तेवढ्यात डॉक्टर सांगून गेले, "आजी, टाके काढायला यायचं नाही. हा दोरा अंगातच विरघळतो." उज्वला वर आली तेव्हा लंकाबाईने सांगितलं, "बोलावतील टाके काढायला. वेळ हाय अजून." आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. उज्वलाने भावाला शब्द दिला होता तो तेवढाच होता. टाके निघेपर्यंत आई माझ्याकडे राहील.

एकोणीस वर्षांत लंकाबाई लेकीच्या घरी एकदाही आली नव्हती. उज्वला निफाडचं सासर सोडून घोटीला माहेरी आली, तेव्हा बापाने तिला उंबऱ्याबाहेरूनच परत फिरवलं. लंकाबाई आत तांदूळ निवडत होती. ती निवडतच राहिली. उज्वला त्याच पावली जीपने नाशिकला गेली. पुढे सिन्नरच्या कारखान्यात लागली, जेल रोडला या दोन खोल्या घेतल्या, आणि बाप गेला तेव्हा तेराव्याला पाहुण्यासारखी येऊन गेली.

त्या दिवसाविषयी दोघी अजून एक अक्षर बोलल्या नव्हत्या. दुपारी उज्वला कारखान्यात असे आणि लंकाबाई गॅलरीतल्या खाटेवर पडून राही. समोर सात कुंड्या होत्या. त्यांत झाड एकही नव्हतं, नुसती माती. उज्वलाच्या कारखान्यात मक्यापासून पिशव्या करतात, चमचे करतात, प्लास्टिकसारखेच. त्यांचे तुकडे तिने कुंड्यांत पुरले होते आणि ते किती विरले ते दर रविवारी उकरून बघायची. उन्हात डोळा लागला की लंकाबाईला वाटे, आपणही अशाच एका कुंडीत निजलोय, कडेकडेने मऊ होत चाललोय.

मग जुनं काहीबाही दिसू लागे. घोटीच्या बाजारातून सासरा पहिल्यांदा निळी प्लास्टिकची पिशवी घेऊन आला, तेव्हा सगळी आळी बघायला जमली होती. सासूने ती धुऊन दांडीवर वाळत घातली. वारा भरला की ती फुगायची. चार वर्षं धुतली, तरी तशीच. "फाटत कशी नाय मेली," सासू कौतुकाने म्हणायची. आता शेत नांगरलं की फाळाला तसल्या पिशव्यांच्या चिंध्या गुंडाळून येतात. माती सगळं खाते, पण हे तिला गिळवत नाही. लंकाबाईला वाटे, त्या दिवशीचं आपलं गप्प बसणंही तसंच कुठेतरी पडून असेल, अख्खंच्या अख्खं.

रविवारी अकराला मोतीराम आला. लंकाबाईचा धाकटा. जीप खाली उभी करून वर आला तो बसलाही नाही.

"पिशवी भर आई. आधी दवाखाना, टाके काढू, अन् तसंच घोटीला. भात झोडायला आलंय, घरात माणूस नाय."

"टाके ओले आहेत अजून," उज्वला ओट्यापाशी चहा गाळत म्हणाली.

"पाच आठवडे? माझ्या म्हशीचं पोट तारेनं फाटलं होतं, तिचे दहा दिवसांत निघाले." त्याने मोबाइल काढला. "मीच विचारतो डॉक्टरला."

आता दोन वाक्यांत सगळं उघडं पडणार होतं. मोतीराम हसेल, त्याचं काही नाही. उज्वला काय समजेल, आईनं फसवलं?

"नको लावू," उज्वला म्हणाली. तिने मान वर केली नाही. "माझं बोलणं झालंय. घरी सोडायच्या दिवशीच, खाली औषधं घेताना भेटले होते ते. सगळं सांगितलंय त्यांनी. अजून महिनाभर राहू दे तिला."

लंकाबाई लेकीच्या पाठीकडे बघत राहिली. घरी सोडायच्या दिवशीच. म्हणजे पस्तीस संध्याकाळी ही उजेड धरून वाकत होती ती सगळं माहीत असून. काही नसलेल्या टाक्यांकडे इतका वेळ बघत होती.

"महिनाभर?" मोतीराम कुरकुरला. "मग काढतील ना नक्की?"

"काढतील."

महिना मिळाला होता. नुसतं गप्प बसायचं होतं. लंकाबाई खाटेवरून उठली, भिंतीला धरत ओट्यापर्यंत गेली आणि उज्वलाच्या शेजारी उभी राहिली.

"टाके कवाच विरघळलेत, मोती," ती म्हणाली. "तुझ्या ताईला ठाऊक हाय, मलाबी ठाऊक हाय. मी इथं राहिलेय, ते मला हिच्याजवळ राहायचंय म्हणून."