खिंडीचा उतार

बर्फाची खिंड उतरताना इनुतेकने रीतीप्रमाणे कुत्री घसरगाडीच्या मागे बांधली. ती मागे ओढून धरतात, म्हणून गाडी सुसाटत नाही. पुढे सासरे ओडाक ऐटीत बसले होते. निम्म्या उतारावर त्याला खाली पांढरं अस्वल दिसलं. कुत्र्यांना अजून पत्ता नव्हता. पण ‘अस्वल’ शब्द ऐकला की झेपावायचं, हे सासऱ्यांनीच त्यांना पिल्लं असताना शिकवलेलं.

“मामा, खाली बघा,” तो कुजबुजला, “पण तोंडातून ब्र काढू नका.”

“का हो जावईबापू, एवढ्याशा उताराला टरकलात?” म्हणत सासऱ्यांनी डोळे किलकिले केले.

“अस्वल!”

मागचे सगळे दोर एकदम सैल पडले.