वाकडा शिलिंग

कॉरिनने ढेकूळ दोन्ही हातांनी फोडलं आणि आतून एक काळपट, वाकडा तुकडा तिच्या तळहातावर आला.

"वेंडेल, हे काय आहे रे?"

तिचा नवरा कापलेल्या मक्याच्या शेजारच्या ओळीत होता. कानावरचा हेडफोन मानेवर ओढत, धातू शोधायचं यंत्र खांद्याला लावून तो आला. तिच्या हाताकडे बघितलं आणि जागीच थिजला.

तुकडा मधोमध दुमडलेला. पण चिखलातून त्यावर उठवलेला झाडाचा बुंधा दिसत होता, मुळांसकट. पाइनच्या झाडाचा चांदीचा शिलिंग. मॅसॅच्युसेट्सच्या जुन्या लोकांनी इंग्लंडच्या राजाला न विचारता पाडलेला. ह्या एका नाण्यापायी वेंडेलने किती शेतं उकरली, गुडघ्यांची वाट लावून घेतली. मिळालं काय? बटणं, काडतुसं आणि घोड्याचे नाल.

आणि ही आज पहिल्यांदा आली. तीसुद्धा त्याचंच जुनं, चिकटपट्टी गुंडाळलेलं यंत्र घेऊन, घरी बसून कंटाळा येतो म्हणून.

हिचं नेहमीचंच. चर्चच्या जेवणात सोडतीचं हॅम हिलाच लागणार. तळ्यावर पहिल्यांदा गळ टाकला तर मोठा मासा हिच्याच गळाला. हे शेतसुद्धा हिनेच मिळवलेलं. म्हातारा प्रुइट वेंडेलला दरवर्षी फाटकावरूनच हाकलायचा. गेल्या आठवड्यात ही ॲपल पाय घेऊन गेली, तर म्हातारा म्हणे, "मका काढून झालाय, या की कधीही. फक्त खड्डे बुजवा."

"बोल ना," कॉरिन म्हणाली. "दातखीळ बसली का?"

"पत्रा आहे," वेंडेल म्हणाला. "डब्याचा."

"डब्याचा?"

"कचरा गं. असले ढिगाने निघतात."

"चष्मा लावून बघ तरी."

"इतकी वर्षं काय गवत उपटतोय मी? कचरा म्हणजे कचरा." त्याने कमरेची पिशवी पुढे केली. शेतात निघालेला कचरा शेतात टाकायचा नाही, असा ह्या धातू शोधणाऱ्यांचा नियमच असतो. "टाक ह्यात."

कॉरिनने त्याच्याकडे बघितलं. मग तुकड्याकडे. मग परत त्याच्याकडे.

"तू म्हणतोस तर," ती म्हणाली आणि टाकला. आतल्या बटणांवर तो किणकिणला. पत्रा असा वाजत नाही.

"मी जरा बांधाकडे बघतो," असं म्हणून वेंडेल सटकला.

दगडी बांधाजवळ, तिच्याकडे पाठ करून त्याने खड्डा खणला. शिलिंग पिशवीतून काढला, मातीत दाबला, परत काढला. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. हिला काय त्याचं? हिने तो शिवणाच्या डब्यात टाकला असता आणि विसरली असती. मग त्याने हाक मारली.

"कॉरिन! मिळाला गं, मिळाला!"

ती डोनट खात खात आली. अजिबात घाई न करता.

"काय मिळाला?"

"शिलिंग. पाइनचा. हे झाड बघ. आणि मागे साल." त्याला धाप लागली होती. "सोळाशे बावन्न. पुढे तीस वर्षं नाणी पाडत होते, तरी साल मात्र..."

"तेच ठेवलं. कारण त्या साली इंग्लंडात राजाच नव्हता," कॉरिन म्हणाली. "म्हणजे नवा राजा विचारायला आला की सांगायचं, आम्ही नाही हो, ही जुनीच आहेत. दर थँक्सगिव्हिंगला टर्की कापताना सांगतोस तू. माझ्या आईला पण पाठ झालंय."

वेंडेलने अंगठ्याने नाण्यावरची माती पुसली.

"वाकडा आहे," ती म्हणाली.

"चेटकीण जवळ येऊ नये म्हणून वाकवायचे."

"ते पण पाठ आहे." तिने बोटांची साखर पँटला पुसली आणि फोन काढला. "धर वर. तुझ्या त्या नाणी शोधणाऱ्या क्लबातल्यांना दाखवशील ना? खड्ड्याशेजारी बस. हस जरा."

तो हसला. तिने फोटो काढला, डोळ्यांजवळ धरून बघितला.

"छान आलाय. आता हा खड्डा बुजव. आणि माझाही बुजव तेवढा. प्रुइटला मी शब्द दिलाय."

ती गाडीकडे चालू लागली.

वेंडेलने आपला खड्डा पायानेच लोटून बुजवला. मग शिलिंग मुठीत घट्ट धरून तिच्या खड्ड्यापाशी आला आणि गुडघ्यांवर बसला.

काठावर तिने मक्याचं एक वाळकं पान अंथरलं होतं. त्यावर ते फोडलेलं ढेकूळ, मोडू नये म्हणून हलक्या हाताने ठेवलेलं. आतल्या चिकण मातीत वाकडा ठसा उमटला होता. त्यात झाड. बुंधा, फांद्या, मुळं, सगळं दिसत होतं.

खड्डा भरायला दुसरी माती नव्हती.