समोरची खुर्ची

आई गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, त्या दिवशीही स्वमग्न मुलगा ठरल्या वेळी भिंतीकडच्या आपल्याच खुर्चीत जेवायला बसला. तिशी उलटली, तरी त्याने जागा कधी बदलली नव्हती. याचं काहीच इकडचं तिकडे होऊ द्यायचं नाही, असं बाबांनी मनाशी ठरवलं.

परवा मात्र तो ताट उचलून आईच्या खुर्चीत, बाबांच्या समोर जाऊन बसला.

"अरे, तुझी जागा ती ना?"

"तुम्ही रोज रिकाम्या खुर्चीकडे बघत बसता, बाबा. जेवण गार होतं. आता मी दिसेन. डोळ्यांत मात्र बघू नका. जेवा."

बाबा ताटात बघून जेवू लागले.

"ही खुर्ची डुगडुगते. पाय ठोकून द्या. मी आता रोज इथेच बसणार."

बाबांनी हातोडी काढून ठेवली आहे. आईच्या खुर्चीचा पाय ठोकायचा मात्र अजून राहिलाय.