घरात येणारा म्हातारा

या माउली, जवळ सरका. टाळ मांडीवर ठेवा, मृदंगालाही घटकाभर विसावा द्या. पुढचं पद धरण्याआधी एक गोष्ट सांगतो.

जयवंताबाईंनी म्हाताऱ्याचा हात घट्ट धरून त्यांना दवाखान्याची पायरी चढवली. इंद्रवेल्लीच्या वाटेवरचं गाव, दोन खोल्यांचा दवाखाना. नर्स रश्मी बेल्लमपल्लीहून नुकतीच बदलून आलेली. गावात तिची अजून कोणाशी ओळख नव्हती.

"ताई, यायचं डोकं पाहा," जयवंताबाई म्हणाल्या. "मले वळखत नाहीत. सारा जनम संगं काढला, अन् आज सकाळी म्हनतात, बाई, तुमी कोन?"

म्हातारा ओशाळून हसला.

"यांचं नाव?"

बाईंनी पदर तोंडाला लावला. "नाव कसं घेऊ वं बाई! घरधन्याचं नाव कोनी घेते का?"

रश्मीला हसू आलं. तिच्या आजीनंही कधी घेतलं नव्हतं.

"पांडुरंग," म्हातारा स्वतःच म्हणाला. "ताई, माह्यं जरा ऐका..."

"पाह्यलं? मंधातच बोलतात!" बाईंनी त्यांच्या सदऱ्यावरचा कापसाचा पुंजका झटकला. "गप बसा. ताई इचारतीन तेवढंच सांगा."

"घरी आणखी काही त्रास?" रश्मीनं विचारलं.

बाई पुढं वाकल्या. आवाज एकदम खाली गेला.

"घरात एक म्हातारा येते. दिवेलागन झाली का चुलीपाशी बसते. माह्यासाठी भाकर थापते. म्या हाकललं तं जात नाही, नुसता रडते. एवढा परका मानूस घरात, अन् हे एक शब्द बोलत नाहीत त्याले. यायले तो दिसतच नाही, ताई."

बाहेर ऊन रणरणत होतं, तरी रश्मीच्या अंगावर काटा आला.

"खरंच कोणी येतं का, आजोबा?"

"मले काय मालूम? माह्या घरी कोनी येत नाही. मी एकटाच राह्यतो."

"एकटाच!" बाईंचे डोळे भरून आले. "अन् ही समोर बसली ते काय भूत हाय?"

रश्मीनं खुर्ची पुढं ओढली. साठीच्या पुढच्या माणसांची स्मरणशक्ती तपासायची रीत ती नुकतीच शिकली होती.

"आजोबा, तीन शब्द सांगते, लक्षात ठेवा. कापूस, घागर, चिमणी."

मग तिनं आजचा वार विचारला, महिना विचारला, महिने उलटे म्हणायला लावले. म्हातारा सावकाश बोलत गेला. एकदाही चुकला नाही.

"आता ते तीन शब्द?"

"कापूस. घागर. चिमनी."

रश्मी गोंधळली. "आजी, यांचं डोकं तर पक्कं आहे."

"मंग मलेच काऊन विसरले?"

त्या विचारण्यातला लेकरासारखा केविलवाणेपणा रश्मीला बघवेना. तिनं बाईंच्या पाठीवर हात ठेवला. "लग्नात उखाणा घेतला होता ना? तोच म्हणा. ऐकून आठवेल त्यांना."

बाई लाजल्या. डोईवरचा पदर सारखा केला. इतका वेळ कापणारा आवाज एकाएकी स्वच्छ झाला, नव्या नवरीसारखा.

"कापसाच्या शेतावर कोवळं कोवळं ऊन,
यशवंतरावांचं नाव घेते थोरल्या घरची सून."

बाई आशेनं म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहत होत्या.

"यशवंतराव?" रश्मी पुटपुटली.

"मी मघापासून तेच सांगून राह्यलो, ताई," म्हातारा हलकेच म्हणाला. "मी पांडुरंग. माही मालकीन कधीच वारली. ह्या बाई मले आज सकाळी बसथांब्यावर भेटल्या. हात धरला अन् रडाले लागल्या. या भागात मी यायले कधी पाह्यलं नाही. पन अशा जीवाले रस्त्यावर सोडून कसं जाऊ?"

तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या. कोणाला तरी शोधत आलेला दुसरा एक म्हातारा दारात येऊन थांबला. घामानं निथळत होता, धाप लागली होती. जयवंताबाईंना पाहताच तो दाराच्या चौकटीला टेकला.

बाई किंचाळून पांडुरंगरावांच्या पाठीमागं दडल्या. "तोच! तोच येते घरात!"

दारातला म्हातारा उंबऱ्याच्या आत आला नाही. त्यानं हात जोडले, आणि रोजची सवय असावी तसा, अगदी हळू बोलला.

"राम राम, बाई. भेऊ नका. मी यशवंत. एवढं नाव याद ठेवा."