चाळीस मिनिटांचं दिग्रस

दिग्रसच्या जुन्या चौकात पोचल्यावर भुरीबाईनं डोईवरचा पदर सारखा केला आणि नवऱ्याला विचारलं, बारव कोणत्या अंगाला आहे?

धरमसिंगनं चौकावरून सावकाश नजर फिरवली. भांड्यांची दुकानं, पारावरचा पिंपळ, जिनिंगकडे निघालेली कापसाची गाडी. चौकातून चार वाटा फुटत होत्या. बारवेची कोणती, हे त्याला ठाऊक नव्हतं.

एकतीस वर्षं त्यानं एसटी चालवली होती आणि त्यातली बरीचशी पुसद-दिग्रस याच रस्त्यावर. बस इथल्या स्टँडवर लागली की परतीच्या फेरीआधी चाळीस मिनिटं मिळत. तेवढ्यात तो डबा खायचा, समोरची काच पुसायचा, स्टेअरिंगवर डोकं टेकून घटकाभर डोळे मिटायचा. स्टँडच्या फाटकाबाहेर त्यानं कधी पाऊल टाकलं नाही. पण सुटीला फुलसावंगीजवळच्या तांड्यावर घरी गेला, की भुरीबाई विचारायची, दिग्रसात काय काय पाहिलं? आणि धरमसिंग सांगायचा. चौकाजवळची बारव आणि तिच्यातली कासवं. गल्लीतला नक्षीचा दरवाजा, त्यावरचे पोपट. दर्ग्यापुढची चिंच, जिच्या सावलीत अख्खी वरात बसते. केबिनपाशी बसणारे उतारू जे बोलायचे, ते तो रस्त्यावरची नजर न काढता ऐकून ठेवायचा आणि घरी आपलं म्हणून सांगायचा.

उन्हाळ्यात तो निवृत्त झाला. भुरीबाईनं एकच मागणं मागितलं, दिग्रस दाखवा. त्यानं पेरणीचं निमित्त सांगितलं, मग निंदणाचं, मग वेचणीचं. वेचणी आटोपली आणि निमित्तं संपली.

आता तो बांगड्यांच्या हातगाडीपाशी थांबला. भुरीबाईला म्हणाला, बघ, आवडतात का. ती बांगड्या चाळू लागली तसं त्यानं गाडीवाल्याला हळूच विचारलं. गाडीवाल्यानं मात्र चांगला खांद्यापासून हात लांबवून वाट दाखवली. भुरीबाईनं हिरव्या बांगड्या पुन्हा होत्या तशा ठेवल्या आणि ती त्या वाटेला लागली.

बारव खरंच होती. काळ्या दगडाची, खोल, तळाशी शेवाळी पाणी. दोघं खालपर्यंत उतरली, तिथं एक म्हातारी पायऱ्यांवरचा पाला झाडत होती. परगावचं जोडपं पाहून तिनं खराटा टेकवला. आपलं नाव मथुराबाई, रोज सकाळी इथं झाडायला येते, असं सांगून झालं आणि मग तिनं सहज विचारलं, "पयल्यांदाच आले का?"

भुरीबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर उत्तर तयारच होतं, आमचे हे इथं वर्षानुवर्षं यायचे. धरमसिंगला ते दिसलं. आत्ता गप्प राहिलं तरी चालण्यासारखं होतं.

"हो," तो म्हणाला. "पयल्यांदाच."

मथुराबाई कासवं कुठं दिसतात ते दाखवून वरच्या पायऱ्या झाडायला गेली. भुरीबाई होती तिथंच खाली बसली. धरमसिंग एक पायरी सोडून बसला. ती रागावेल, निदान रडेल, असं त्याला वाटत होतं. तांड्यावरच्या बायांना तिनं हे गाव किती वेळा सांगितलं होतं, ते त्याला ठाऊक होतं. लग्नं लागली, सुना आल्या, त्या सुनांनीही चिंचेखालच्या वरातीची गोष्ट तिच्याच तोंडून ऐकली.

मग तिनं विचारलं, "एकदाबी नाही?"

"चाळीस मिनिटं भेटत. थकून जात होतो." आणि मग मान खाली घालून, "तू इतकी हौसेनं इचारे. स्टँडावर झोपलो होतो, असं कसं सांगू?"

पाण्यात काहीतरी हललं. एक कासव वर आलं, मान काढून त्यानं दोघांकडे पाहिलं आणि परत आत गेलं. भुरीबाई ते बुडालं तिथं पाहत राहिली.

"मले गावाचं काय पडलं होतं," ती म्हणाली. "घरी आले का तुमी बोलतच नव्हते. जेवले का भिंतीकडे तोंड करून झोपत होते. एक डाव दिग्रसचं इचारलं, तं घंटाभर बोलले. म्हणून मंग दरवेळी इचारत होती."

धरमसिंग पाण्याकडे वाकला. त्यानं पाण्यात ओंजळ बुडवली, तोंड धुतलं आणि गळ्यातल्या दुपट्ट्यानं बराच वेळ पुसत बसला. ती उठली तेव्हा त्यानं हात पुढं केला. एरवी चारचौघांत तिनं तो धरला नसता.

नक्षीचा दरवाजा त्यांना विचारत विचारत सापडला. पोपट नव्हते, मोर होते, आणि एकाची मान तुटलेली होती. भुरीबाईनं त्या मोरांवरून बोट फिरवलं. आतून त्या घरची सून बाहेर आली, तिनं पाणी दिलं. दर्ग्यापाशी गेल्यावर चिंच कधीच तोडली होती, असं कळलं. तिथं आता मोटारसायकली लागतात. भुरीबाई हसली, म्हणाली, वरात आता गाडीवरून जात असेल.

दर्ग्याच्या पुढं धरमसिंगला ऐकून माहीत असलेलं गाव संपलं. गल्लीला दोन फाटे फुटले. एका बाजूला पिंजाऱ्याची धुनकी वाजत होती, दुसरीकडून कोणीतरी गरम भजी तळत असल्याचा वास येत होता.

"इकडं काय हाय?" भुरीबाईनं विचारलं.

"मले नाही मालूम."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि वासाच्या दिशेनं पुढं निघाली.